एकवीसपैकी तेरा

परीक्षा ही गोष्ट आम्हां शिक्षकांच्या हाडीमाशी इतकी खिळलेली असते की, एखादी नवी परीक्षा निघाली म्हणजे तिच्याविषयी आम्हांला आधी कुतूहल वाटते आणि मागाहून शंका येऊ लागते. ही परीक्षा नेमकी कशाची, तिच्यातील गुणांचा अर्थ काय आणि त्या गुणांच्या आधारे मुलाचे पुढे काय करावयाचे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही गुणपत्रिकेवर सही करू नये, असा आमचा इतक्या वर्षांचा परिपाठ आहे. या महिन्यात अशाच एका गुणपत्रिकेविषयी लिहावयाचे आहे. ती गणिताची नाही की भाषेची नाही; धावणाऱ्या, वळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांच्या हालचालींची आहे.

निमित्त झाले एका वाचक भगिनींच्या पत्राचे. त्यांची कन्या चौदा वर्षांची. ती खो-खो खेळते, आणि पत्रावरून दिसते ते असे की चांगलीच खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, तेव्हापासून या मुलीचे सारे लक्ष मैदानाकडे लागले आहे. मध्यंतरी एका खासगी प्रशिक्षण केंद्रात तेथील मुलींच्या हालचालींची तपासणी झाली. सात प्रकारच्या हालचाली करवून घेतल्या, प्रत्येकीला तीनपैकी गुण दिले, आणि हिच्या वाट्याला एकवीसपैकी तेरा आले. चौदा किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापतीचा धोका, सबब यंदा हिला संघात घेणे इष्ट नाही, असे घरी कळविण्यात आले. "मुलगी धड जेवत नाही, बोलत नाही. तिचे पाय खरोखरच वाईट आहेत का, एवढे कळवावे," असे त्या माउलीने लिहिले आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी तो एकाच घरापुरता नाही. अशा तपासण्या आता मोठ्या शहरांतून वाढत आहेत आणि उद्या त्या आपल्या शाळांच्या दाराशीही येतील. म्हणून त्यांची थोडी सविस्तर ओळख करून घेणे बरे.

माणसाची हालचाल पाहून त्याच्या शरीराची पारख करावी, ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. बडोद्याच्या वाचकांना जुम्मादादा व्यायाममंदिराची आणि प्रो. माणिकरावांची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. व्यायाम शिकविणाऱ्या या गुरूची ख्याती निखळलेली हाडे बसविण्याबद्दलही होती. घडविणे आणि दुरुस्त करणे या दोन विद्या एकाच माणसाच्या हाती होत्या. याच नगरीत दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत प्रसिद्ध केले. आखाड्यातला उस्ताद काय करीत असे? बैठका घालताना एखाद्याचा गुडघा आत वळला, जोर काढताना कंबर खचली, मल्लखांबावरून उतरताना पाय धप्पकन पडले, की तो तिथल्या तिथे टोकत असे आणि तीच हालचाल पुन्हा करवून घेत असे. तो पारखी होता खरा. परंतु त्याच्या पारखण्याचा शेवट शिकविण्यात होत असे. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

पत्रातील तपासणीचे नाव 'फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन' असे आहे. आपण तिला हालचालींची चाळणी म्हणू. ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकन तज्ज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ती तयार केली. तिच्यातील सात हालचाली अशा: दोन्ही हातांनी काठी डोक्यावर धरून खोल उकिडवे बसणे, खांद्यावर काठी ठेवून, नडगीच्या उंचीवर बांधलेली दोरी ओलांडणे, एका रेषेत पाऊल पुढे टाकून गुडघा वाकविणे, एक हात वरून व एक खालून पाठीमागे नेऊन मुठी एकमेकींच्या जवळ आणणे, उताणे निजून गुडघा न वाकविता एक पाय उचलणे, अंग फळीसारखे ताठ ठेवून एक जोर काढणे, आणि रांगत्या अवस्थेत एकाच बाजूचा हात व पाय एकदम लांबविणे. हालचाल निर्दोष झाली तर तीन गुण, कोठे तरी अंग चोरून किंवा तोल सावरून झाली तर दोन, झालीच नाही तर एक, आणि करताना दुखले तर शून्य. यात न समजण्यासारखे काही नाही. काठी, दोरी आणि पाहणाऱ्याची नजर एवढ्या भांडवलावर ती करता येते. तिच्यामागचा हेतूही चांगला आहे. प्रश्न आहे तो चौदा या आकड्याचा.

हा आकडा कोठून आला? २००७ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधकांनी व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या ४६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा नव्हे. शिरस्त्राण घालून, चेंडू हाती घेऊन एकमेकांवर आदळण्याचा अमेरिकन खेळ. हंगामापूर्वी त्यांची ही तपासणी झाली होती, आणि हंगामात कोणाला किमान तीन आठवडे खेळाबाहेर बसविणारी गंभीर दुखापत झाली ते पाहिले गेले. चौदा किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांत अशा दुखापतींचे प्रमाण बरेच अधिक आढळले. तेव्हापासून चौदा ही जणू उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा होऊन बसली. आमच्या वाचक भगिनींच्या चौदा वर्षांच्या लेकीला जी रेषा लावण्यात आली, ती अशा रीतीने सेहेचाळीस धिप्पाड पुरुषांवरून आखलेली आहे.

बरे, त्या पुरुषांच्या बाबतीत तरी ती रेषा किती खरी ठरली? त्याच अभ्यासाचे आकडे सांगतात की, ज्यांना गंभीर दुखापत झाली त्यांच्यापैकी १०० तील ५४ जण या चाळणीत आधी सापडले होते. म्हणजे उरलेले जवळजवळ निम्मे 'सुरक्षित' ठरलेल्यांतच होते. ज्यांना दुखापत झाली नाही, त्यांच्यापैकी शेकडा ९१ जणांना चाळणीने बरोबर सुरक्षित म्हटले, शेकडा ९ जणांना मात्र उगाच धोक्याच्या यादीत घातले. ऐकावयास हे वाईट वाटत नाही. परंतु फळ्यावर हिशेब मांडून पाहू या. समजा, एका तालुक्यात खो-खो खेळणाऱ्या शंभर मुली आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी दहाजणींना मोठी दुखापत व्हावयाची आहे. ही चाळणी त्या दहांपैकी पाचजणींना हेरील आणि पाचजणी निसटतील. उरलेल्या नव्वदांपैकी आठजणींना ती विनाकारण बाजूला काढील. म्हणजे एकंदर तेरा मुली संघाबाहेर बसल्या, तर त्यांपैकी आठजणींचे बसणे व्यर्थ. आणि ज्या पाचजणींना खरोखर जपावयास हवे होते, त्या 'तू ठीक आहेस' असा शेरा घेऊन बिनघोर मैदानात उतरल्या. पुढे जे अनेक अभ्यास झाले, त्यांत तर या गुणांचा आणि दुखापतींचा संबंध याहूनही सैल आढळला. ते अभ्यास एकत्र तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की, दुखापतीचे भाकीत करण्याचे साधन म्हणून या एकूण गुणसंख्येचा वापर करण्यास पुरेसा आधार नाही.

आणखी एक प्रयोग आम्हां शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल. अग्निशामक दलातील २१ जवानांची हीच तपासणी करण्यात आली. मग गुण कशाकशाला मिळतात ते त्यांना सांगितले, आणि लागलीच पुन्हा तपासणी केली. काही मिनिटांतच त्यांची सरासरी दोन गुणांहून अधिक वाढली! तेवढ्या वेळात कोणाचे स्नायू बळकट झाले नव्हते, की सांधे मोकळे झाले नव्हते. काय अपेक्षित आहे ते कळले, एवढेच. भविष्य सांगणारी परीक्षा म्हणून हा प्रयोग या चाळणीची बाजू लंगडी करतो हे उघड आहे. परंतु दुसऱ्या अंगाने पाहता तो फार आशादायक आहे. जी हालचाल नुसती सांगितल्याने सुधारते, ती शिकविल्याने किती सुधारेल! आम्हांला यात उस्तादाचाच विजय दिसतो.

मुलींच्या बाबतीत गुडघ्याची काळजी अधिक वाहावी लागते, हे खरे आहे. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा एक बंध असतो. डॉक्टर मंडळी त्याला ए.सी.एल. म्हणतात. तो तुटला की खेळाडूचे वर्ष तर जातेच, कित्येकदा शस्त्रक्रियाही करावी लागते. एकाच खेळातील मुलगे व मुली यांची तुलना केली असता ही इजा मुलींना अधिक होते, आणि पुष्कळदा ती कोणाचा धक्का न लागताच होते: उडी मारून खाली येताना, किंवा धावता धावता एकाएकी दिशा बदलताना. खो-खोत हुलकावणी देणारी मुलगी पळतीच्या काळात हेच तर सारखे करीत असते. म्हणून सुमारे फूटभर उंचीच्या ठोकळ्यावरून खाली उडी मारावयास लावून, लगेच वर उडी घ्यावयास सांगून, त्या वेळी गुडघे आत कलतात का ते पाहण्याची दुसरी एक तपासणी निघाली. २००५ मध्ये अमेरिकेतील २०५ तरुण मुलींच्या अभ्यासातून तिच्याविषयी मोठी आशा उत्पन्न झाली; मात्र तीत बंध तुटलेल्या मुली अवघ्या नऊ होत्या. पुढे नॉर्वेमध्ये हँडबॉल व फुटबॉल खेळणाऱ्या अव्वल दर्जाच्या ७१० महिला खेळाडूंवर कित्येक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. कोणाचा धक्का न लागता हा बंध तुटल्याच्या ४२ घटना त्यांच्यात घडल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखविले की, गुडघे आत कलणाऱ्यांना धोका किंचित अधिक असतो खरा, पण ज्यांना इजा झाली आणि ज्यांना झाली नाही त्यांची मापे एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की, त्यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. त्याच वर्षी ऑस्लो येथील रोआल्ड बार यांनी एका लेखात स्पष्ट लिहिले की, दुखापतीचे भाकीत करणाऱ्या तपासण्या सफल होत नाहीत आणि बहुधा पुढेही होणार नाहीत. आयुष्यभर खेळाडूंच्या दुखापतींचा अभ्यास केलेल्या डॉक्टरचे हे मत आहे, हे विसरून चालणार नाही.

मग हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. ज्या नॉर्वेने भाकिताची मर्यादा दाखविली, त्याच देशाने उपायही दाखविला आहे, आणि तो अगदी साधा आहे. २००५ मध्ये तेथील हँडबॉल खेळणाऱ्या १२० क्लबांतील १८३७ मुलामुलींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. वय पंधरा ते सतरा. काही क्लबांतील मुलांना सरावापूर्वी ठरावीक व्यायाम दिले: धावणे, वळणे, उडी मारून नीट उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, पायांचे बळ वाढविणे. बाकीच्या क्लबांनी आपला नेहमीचा सराव चालू ठेवला. हंगामाअखेर व्यायाम न करणाऱ्यांत गुडघ्याच्या व घोट्याच्या अचानक झालेल्या दुखापती ८१ आढळल्या, तर व्यायाम करणाऱ्यांत ४८. आणि व्यायाम करणारी मुले संख्येने थोडी अधिकच होती. त्यानंतर फुटबॉलसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा सुमारे वीस मिनिटांचा, पंधरा व्यायामांचा क्रम तयार झाला. तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ मुलींवर त्याचा प्रयोग झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष बाहेर आले: एकंदर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी. पुढे असेही दिसले की, ज्या संघांनी हा क्रम नेमाने पाळला त्यांना लाभ अधिक झाला.

या दोन्ही प्रयोगांतील मर्म असे आहे की, कोणाचीही आधी निवड केलेली नव्हती. दुबळ्या कोण आणि धडधाकट कोण हे न शोधता व्यायाम सर्वांना देण्यात आला. कोणाला दुखापत होणार हे आधी कळत नाही. मग सर्वांना शिकविणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आमच्या धंद्यातही हेच खरे नाही काय? पहिलीच्या वर्गात पुढे कोण नापास होईल हे कोणा शिक्षकाला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून तो मुळाक्षरे साऱ्या वर्गाला गिरवावयास लावतो. कोणी मूळ अक्षराचे वळण चुकवीत असेल तर त्याचा हात धरतो. पाटी काढून घेत नाही.

तेव्हा त्या भगिनींना आमचे सांगणे असे. आपल्या मुलीचे पाय वाईट आहेत असे तेरा या आकड्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. परंतु गुणपत्रिका फेकूनही देऊ नका. तिच्यातील बेरीज विसरा आणि सात ओळी वाचा. कोठे शून्य आहे काय? शून्य म्हणजे दुखणे. आणि वाढत्या वयातील मुलीला हालचाल करताना दुखत असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना दाखविण्याची आहे, प्रशिक्षकाने निकाल देण्याची नव्हे. या वयात हाडे झपाट्याने वाढतात, आणि गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे ठणका लागणे हे अतिश्रमाचे नेहमीचे लक्षण आहे. कोठे एक आहे काय? असेल तर ती हालचाल शिकवून घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. आणि एक प्रश्न, जो या सात हालचालींत नाही, तो मुलीला अवश्य विचारा: पूर्वी कधी घोटा मुरगळला होता का, गुडघा सुजला होता का, आणि तो पुरता बरा होण्याआधी ती खेळावयास उतरली का? मागची दुखापत ही पुढच्या दुखापतीची सर्वांत भरवशाची खूण आहे. मुली संघातून वगळतील या भीतीने ही गोष्ट लपवितात. ज्या मैदानावर आकड्यासाठी मुलगी बाहेर बसविली जाते, तेथे दुखणे सांगण्याचे धाडस कोण करील? चाळणीचा हा सर्वांत मोठा तोटा आम्हांला वाटतो. ती दुखापत तर रोखत नाहीच, वर मुलांची तोंडे बंद करते.

प्रशिक्षक बंधूंनाही दोन शब्द. मुलांच्या हालचाली अवश्य पाहाव्या; अधिक बारकाईने पाहाव्या. परंतु पाहिल्यावर हातात कात्री घेऊ नये. ज्या केंद्रात मुलगी चार पैसे भरून शिकावयास येते, तेथे तिला काय येत नाही हे कळले, तर शिकविण्याचे काम तेथून सुरू होते. ते तेथे संपते असे समजणे म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला शाळेत न घेण्यासारखे आहे.

शाळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्षभर मैदान ओस पडलेले असते, आणि खेल महाकुंभाच्या किंवा आंतरशालेय सामन्यांच्या तारखा लागल्या की सकाळ-संध्याकाळ सराव सुरू होतो. पंधरा दिवसांत वर्षाची भरपाई करण्याचा हा खटाटोप आम्ही दरसाल पाहतो. शरीराला बेताबेताने वाढविलेले श्रम मानवतात. एकाएकी लादलेले मानवत नाहीत. अभ्यासात घोकंपट्टीने एखादे वेळी निभावते, गुडघ्याच्या बाबतीत निभावत नाही.

आमच्या व्यायामशिक्षकांच्या विचाराने आम्ही जो क्रम योजिला आहे, तो इच्छुकांसाठी येथे देतो. आठवड्यातून किमान दोनदा, खेळापूर्वी वीस मिनिटे, संघातल्या आणि संघाबाहेरच्या सर्व मुलामुलींनी मिळून. प्रथम हलके धावणे, मध्ये थांबून मांडी बाहेर व आत फिरविणे. मग कोपरांवर अंग तोलून फळीसारखे ताठ राहणे; जोडीदाराने घोटे धरावे आणि गुडघ्यांवर उभे राहून अंग सावकाश पुढे झुकवावे; एका पायावर उभे राहून जोडीदाराकडे चेंडू फेकावा; बैठका घालाव्या, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. मग उड्या: पुढे, बाजूला, आणि खाली येताना आवाज होणार नाही अशा; मांजर उतरते तसे उतरावे असे सांगितले की लहान मुलांना चटकन कळते. शेवटी वेगाने धावत जाऊन पाय रोवून वळणे. जोडीदाराने समोर उभे राहून एवढेच पाहावे की गुडघे एकमेकांकडे कलत नाहीत ना. कललेच तर सांगावे, आणि पुन्हा करवावे.

या क्रमास यंत्र लागत नाही, शुल्क लागत नाही, गुणपत्रिका तर नाहीच नाही. दुखावलेले मूल मात्र त्या दिवशी कडेला बसेल, आणि बसल्या जागेवरून इतरांचे गुडघे पाहील. दुखणे संपून डॉक्टरांनी होकार दिला की ते पुन्हा रांगेत येईल. ज्या पालकांना घरच्या घरी काही करावयाचे असेल, त्यांनी मुलांना रोज थोडा वेळ उकिडवे बसावयास लावावे आणि एका पायावर उभे राहून दात घासावयास सांगावे. आपणही सोबत करून पाहावे. कोणाचा तोल आधी जातो ते घरच्या घरी कळेल.